दुसऱ्या पंपाचा ब्रेक

माझ्या जीपचा ब्रेक वर्षभर दुसऱ्या पंपाला लागत होता. पहिल्यांदा दाबलं की पेडल जवळजवळ फळीला टेकायचं आणि गाडी नुसता आळस दिल्यासारखं करायची. पाय उचलून झटकन पुन्हा दाबलं की पेडल अर्ध्यावर घट्ट व्हायचं आणि गाडी थांबायची, तीही तोंड उजवीकडे वळवून. अंगठा तुटलेली चप्पल घालून माणूस जसा आपोआप पाय घासत चालायला शिकतो, तसा मी ही गाडी चालवायला शिकलो होतो. सिग्नल दिसला की एक पंप आगाऊ मारून ठेवायचा, स्टिअरिंग किंचित डावीकडे धरायचं. बाहेरून बघणाऱ्याला काही कळायचं नाही.

मग एका शनिवारी एलबीएस मार्गावर, बसस्टॉपवर प्रवासी दिसला म्हणून एक रिक्षा उजवीकडून थेट माझ्या नाकासमोरून डावीकडे गेली. पंप आगाऊ मारायला वेळच नव्हता. वीतभर अंतर राहिलं. रिक्षावाला मागे न बघता निघून गेला. शेजारी बसलेली बायको थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "अरे, हा ब्रेक आहे की रॉकेलचा स्टोव्ह? पंप मारल्याशिवाय पेटतच नाही."

तेव्हा मी वैतागलो. पण नंतर लक्षात आलं की दुखणं तिनं अचूक सांगितलं होतं.

गाडी सीजे-थ्री-बी आहे, आपल्याकडे जिला हाय बोनेट म्हणतात ती. इंजिन उंच म्हणून बोनेट उंच. अमेरिकेत विलीजनं, आणि पुढे कैसर जीप असं नाव घेतलेल्या त्याच कंपनीनं, ही १९५३ ते १९६८ बनवली. आपल्याकडे महिंद्रानं त्यानंतरही बरीच वर्षं. माझी जुन्नरकडच्या एका द्राक्षबागेतून आली, आणि आता विक्रोळीच्या कन्नमवार नगरात आमच्या इमारतीखाली उभी असते. सोसायटीच्या सेक्रेटरींना ती आवडत नाही, कारण ती जिथे उभी राहते तिथे नकाशा काढते. चारही चाकांना ड्रम ब्रेक, नऊ इंची. बूस्टर नाही, डिस्क नाही, आणि मुख्य म्हणजे आपोआप ॲडजस्ट होणारी कुठलीच यंत्रणा नाही. ब्रेक लागतो म्हणजे ड्रमच्या आतले दोन अर्धगोल शू बाहेर सरकून त्याला घासतात; शूवरच्या घासणाऱ्या थराला लायनर म्हणतात. लायनर झिजला की शू आणि ड्रममधली फट वाढते. ती फट भरून काढायला पेडलला तेवढं जास्त तेल ढकलावं लागतं. पहिल्या दाबात फट भरते. शू मागे सरकायच्या आत दुसरा दाब दिला की मग ब्रेक लागतो. म्हणजे स्टोव्हच.

पेडल तीन प्रकारे खोटं बोलतं, हे मला नंतर शिकायला मिळालं. दुसऱ्या पंपाला वर येत असेल आणि तिथे घट्ट राहत असेल, तर फट वाढली आहे. वर येतं पण स्पंजासारखं मऊ लागतं, तर लाइनमध्ये हवा आहे. आणि घट्ट लागून, पाय तसाच ठेवला तर हळूहळू खाली उतरतं, तर तेल कुठूनतरी निसटतंय: एकतर मास्टर सिलिंडरचा, म्हणजे पेडल दाबल्यावर तेल ढकलणाऱ्या नळकांड्याचा, रबरी कप गेला, नाहीतर बाहेर गळती. हे आधी माहीत असतं तर पुढचा गाढवपणा झाला नसता.

गाढवपणा असा. दोन महिन्यांवर आरटीओचं पासिंग आलं होतं, आणि मला पेडल वर हवं होतं. मास्टर सिलिंडर ह्या गाडीत बोनेटखाली नसतो, पायाखालच्या फळीच्या खाली असतो. गाडीखाली आडवा झालो आणि पेडलपासून मास्टर सिलिंडरच्या पिस्टनकडे जाणारा दांडा दिसला. त्याची लांबी कमीजास्त करता येते. मी ती वाढवली. पेडल हाताला लगेच टणक लागलं. दहा मिनिटांचं काम! लोक उगाच ब्रेक ब्रेक करतात, असं म्हणत हात धुतले आणि रविवारी सकाळी चक्कर मारायला ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर निघालो.

कांजूरच्या पुढे, मिठागरं दिसायला लागतात तिथे, गाडी जड वाटायला लागली. ॲक्सिलरेटर दाबतोय आणि ती ओढतेय. भांडुपच्या आसपास जळका वास आला. वास ट्रकचा असेल म्हणून आणखी थोडं पुढे गेलो, आणि मुलुंडच्या अलीकडे गाडी चक्क थांबली. गिअरमध्ये होती, इंजिन चालू होतं, पण कोणीतरी मागून पदर धरावा तशी ती अडली. उतरून पुढच्या उजव्या चाकाजवळ हात नेला तर लावायची गरजच पडली नाही; इस्त्री तापलीय की नाही हे जसं लांबूनच कळतं, तसं कळलं.

झालं होतं ते असं. पाय सुटल्यावर मास्टर सिलिंडरचा पिस्टन पूर्ण मागे जातो आणि त्याच्या कपासमोरचं एक बारीक छिद्र उघडं पडतं. चाकांकडून परत आलेलं, गरम होऊन फुगलेलं तेल त्या छिद्रातून टाकीत जातं. मी दांडा लांब केल्यामुळे पिस्टन पूर्ण मागे जातच नव्हता आणि छिद्र कायम झाकलेलं होतं. तेल तापलं, फुगलं, जायला जागा नाही. त्यानं शू बाहेर ढकलले. शू घासले, आणखी तापले, तेल आणखी फुगलं. मी पेडलला पाय लावला नव्हता तरी गाडी स्वतःच ब्रेक दाबत होती.

अर्धा तास थांबलो. मग एका चाकाचं ब्लीडिंग नायपल, म्हणजे लाइनमधली हवा काढायची तोटी, जरासं सैल केलं, गरम तेलाची पिचकारी उडाली आणि चाकं सुटली. रस्त्याच्या कडेलाच गाडीखाली शिरून दांडा पुन्हा आखूड केला. पेडलला अर्धा इंच तरी मोकळी हालचाल हवीच, त्यात पाय नुसता लागतो, काम करत नाही. विलीजच्या जुन्या पुस्तकात हा अर्धा इंच लिहिलेला आहे. मी ते पुस्तक घरी जाऊन वाचलं. आधी वाचायचं असतं.

घरी परतलो तेव्हा खाली शेजारचे काका होते. काका बेस्टच्या दादर वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. त्यांनी आयुष्यभर बसचे ब्रेक बघितले, त्यामुळे माझ्या गाडीकडे ते मोठ्या भावानं धाकट्याच्या सायकलकडे बघावं तसे बघतात. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आजार चाकात आणि तू औषध पायाला लावलंस." मग थोडं थांबून, "आमच्याकडे हवेनं ब्रेक लागतात. तुझ्याकडे हवा शिरली तर ब्रेक लागत नाहीत. तेव्हा मी तुला फक्त चाकापर्यंतच सांगणार, त्याच्या मागचं तुझं तू बघ." असं स्वच्छ सांगणारा माणूस मेकॅनिक जमातीत दुर्मीळ.

पुढच्या रविवारी सकाळी सातला सुरुवात केली, सेक्रेटरी उठायच्या आत. लॉक नटांवर आदल्या रात्रीच गंज सोडवायचं तेल मारून ठेवलं होतं.

मागचं डावं चाक आधी घेतलं. हँडब्रेक ओढला, जॅक लावला, चाक उचललं, आणि गाडी हळूच पुढे निघाली. फार नाही, चार बोटं, पण जॅकवर चढलेली गाडी चार बोटं हलली की पोटात गोळा येतो. काकांनी लाथेनंच एक दगड पुढच्या चाकाखाली सरकवला. कारण असं की ह्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतोच. ट्रान्सफर केस, म्हणजे इंजिनची ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी पेटी, तिच्या मागे एक छोटा ड्रम असतो, तो मागच्या चाकांना फिरवणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टला धरतो. दोन्ही मागची चाकं जमिनीवर असताना ते पुरतं. एक चाक हवेत गेलं की दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या डिफरन्शियलमुळे ते उलटं फिरायला मोकळं होतं आणि जमिनीवरचं चाक सुलटं. शाफ्ट जागेवर, गाडी मात्र चालू लागते. बरं, ॲडजस्ट करताना चाक हातानं फिरवावं लागतं, म्हणजे हँडब्रेक सोडायचा आणि गिअरही न्यूट्रलला. गाडीला धरायला काहीच उरत नाही. म्हणून उरलेल्या तीन चाकांना पुढूनमागून दगड, आणि जॅकच्या जोडीला चेसिसखाली घोडी, म्हणजे लोखंडी टेकू. दगड आधी, पाने नंतर. हे मी आता कोणालाही आवाज चढवून सांगतो.

ॲडजस्टमेंट तशी साधी आहे. चाकाच्या आतल्या अंगाला, बॅक प्लेटवर दोन पिना दिसतात, एक पुढच्या शूची, एक मागच्या शूची. पिनेच्या आतल्या टोकाला कॅम, म्हणजे मध्य सोडून भोक पाडलेली चकती. पिन फिरवली की कॅमचा फुगीर भाग शूला ड्रमकडे ढकलतो. एका पान्यानं लॉक नट सैल करायचा, दुसऱ्यानं पिन फिरवायची, आणि तिसऱ्या हातानं चाक फिरवत राहायचं. तिसरा हात काकांचा.

पिन थोडी फिरवली की आधी नुसता आवाज येतो, कागदावर कागद घासल्यासारखा. आणखी फिरवली की चाक जड होतं. आणखी, की जाम. "आता सोड," काका म्हणाले, "हळू. आवाज जाईपर्यंत." हे बसला आणि जीपला सारखंच निघालं: आधी जाम करायचं, मग मोकळं होईल इतकंच मागे यायचं. तिथेच एका पान्यानं पिन धरून ठेवायची आणि नट आवळायचा. नट आवळताना पिन हमखास त्याच्याबरोबर फिरते, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. हे माझं चार वेळा झालं.

मागच्या चाकांची एक गंमत अशी की मोकळं फिरणं त्यांना माहीतच नाही. फिरवताना डिफरन्शियलमधलं घट्ट तेल आणि शाफ्ट सगळं बरोबर ओढलं जातं, त्यामुळे चाक नेहमीच जड लागतं, आणि नवशिक्याला वाटतं शू घासतोय. मी पहिल्या चाकाचे शू गरजेपेक्षा बरेच मागे घेतले ते ह्याच समजुतीनं. काकांनी कान बॅक प्लेटजवळ नेला आणि मलाही न्यायला लावला. डिफरन्शियलचं जडपण सगळीकडे सारखं असतं आणि त्याला आवाज नसतो. शू घासतो तो एका ठिकाणी, प्रत्येक फेऱ्यात त्याच जागी, 'स्स' करून. एकदा तो ओळखू आला की हाताचं काम कान करायला लागतात.

दुसरी फसगत कॅमची. कॅम गोल फिरतो, तेव्हा शू बाहेर जातो, सर्वांत बाहेर पोचतो, आणि तसंच फिरवत राहिलात तर परत आत यायला लागतो. मागच्या उजव्या चाकाला मी फिरवतोय, फिरवतोय, चाक जड होऊन पुन्हा हलकं झालं, आणि मला वाटलं काहीतरी तुटलं. काही तुटलं नव्हतं. मी शिखर ओलांडून पलीकडे उतरलो होतो.

दोन्ही मागची आणि पुढचं उजवं झाल्यावर बायकोला हाक मारली. तिनं सीटवर बसून पेडल दाबलं आणि वरूनच म्हणाली, "अर्ध्यावर आलं. पहिल्यांदाच." चहा झाला. आता एकच चाक राहिलं म्हणून मी खुशीत होतो.

पुढचं डावं चाक मात्र जाम होईना. दोन्ही पिना पूर्ण फिरवल्या, शिखर ओलांडलं, परत आणलं. चाकाला काही फरक पडेना. काकांनी बॅक प्लेटच्या खालच्या कडेवर बोट फिरवलं आणि माझ्यासमोर धरलं. पातळ, बुळबुळीत. ग्रीस नाही, ब्रेक ऑइल.

"तेल किती भरतोस महिन्याला?"

थोडंफार भरतच होतो. फळीतलं झाकण उघडायचं, टाकीत ओतायचं, झाकण लावायचं. जुनी गाडी, पिणारच, असं मी मानत होतो. पण ब्रेक ऑइल पेट्रोलसारखं खर्च होत नाही. लायनर झिजले की पातळी थोडी उतरते, तेवढंच. त्याहून जास्त उतरली तर ते कुठेतरी सांडतंय. आणि माझ्या गाडीला एकच सर्किट आहे: एका चाकाची गळती वाढली की चारही ब्रेक जातात. गाडी उजवीकडे का ओढते तेही कळलं. डाव्या चाकाचा लायनर तेलात भिजलेला, तो नुसता घसरत होता; थांबवायचं काम उजवं चाक एकट्यानं करत होतं.

म्हणजे आता ॲडजस्ट करण्यासारखं काही नव्हतं, उघडायचं होतं. पुढचा हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, उघडणं हे सावकाश करायचं काम. टोपी, फ्लँजचे बोल्ट, आतले दोन मोठे नट, त्यांच्या मधला लॉक वॉशर, बेअरिंग, आणि मग हब आणि ड्रम एकत्र बाहेर. ड्रम अर्धा आला आणि अडला, कारण झिजून त्याच्या कडेला ओठ तयार झाला होता. कॅम पुन्हा पूर्ण सैल केले तेव्हा आला. आत पाहिलं आणि मी नि काका दोघंही गप्प झालो. तेल, लायनरची भुकटी आणि चिखल ह्यांचं काळं पीठ. चिखल कुठला ते मला ठाऊक होतं. मागच्या पावसाळ्यात किंग्ज सर्कलच्या पुलाखालून, हबपर्यंत पाणी असताना, मी ऐटीत जीप काढली होती. ड्रममध्ये पाणी शिरलं की ब्रेक लागत नाही, लायनर ओल्या साबणासारखा सरकतो. मग पुढे अर्धा किलोमीटर पेडल हलकं दाबून धरत ते वाळवावं लागतं. पाणी वाळतं, गाळ राहतो. तो वर्षभर ड्रम आणि लायनरच्या मध्ये पॉलिश पेपरसारखा फिरत होता.

ती भुकटी हवा मारून उडवायची नाही. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं आणि ते फुप्फुसात गेलं की बाहेर येत नाही. साबणाच्या पाण्यानं भिजवून, फडक्यानं पुसून, फडकं पिशवीत बांधून टाकलं. गॅरेजमधली पोरं सर्रास तोंडानं फुंकतात. ते बघून हल्ली अंगावर काटा येतो. ब्रेक ऑइलचीही एक खोड सांगून ठेवतो, ते रंग खातं. माझ्या डाव्या मडगार्डावर आता तळहाताएवढा पत्रा उघडा आहे, मी तिथे तेलाचा डबा ठेवला होता म्हणून.

सोमवारी रजा टाकली. लोकलनं कुर्ल्याला, पिशवीत एक ड्रम आणि दोन शू. सीएसटी रोडला लायनर चढवणारे आहेत, आणि ड्रम लेथवर घेणारेही. लेथवाल्यानं ड्रममध्ये बोट फिरवलं, मग माझ्याकडे बघितलं. "भाई, ये ड्रम कम, रेकॉर्ड ज्यादा है. सुई रख दो, गाना बजेगा." चरे गेले इतकंच माल काढून त्यानं आतून गुळगुळीत करून दिला. फार काढलं तर ड्रम पातळ होतो, लवकर तापतो आणि टिकत नाही, आणि मुळात शूची गोलाई त्याला जुळत नाही. उजवा ड्रमही आणायला हवा होता हे तिथे लक्षात आलं. दोन्ही बाजू सारख्या नसतील तर गाडी पुन्हा ओढणार. मंगळवारी पुन्हा रजा, पुन्हा कुर्ला, ह्यावेळी उजवा ड्रम आणि उजवे शू. साहेबांना सांगितलं घरचं काम आहे. खोटं नव्हतं.

लायनर चढवून घेताना दोन गोष्टी बघायच्या. रिव्हेटची डोकी लायनरच्या पृष्ठभागाच्या बरीच खाली बसली पाहिजेत, नाहीतर लायनर झिजला की तीच ड्रम कोरायला लागतात. आणि माझ्या गाडीत पुढच्या शूचा लायनर मागच्यापेक्षा लांब असतो. गाडी पुढे जात असताना फिरणारा ड्रम पुढच्या शूला स्वतःबरोबर आत ओढतो, त्यामुळे जास्त काम तोच करतो आणि जास्त झिजतोही तोच. कारागिरानं सगळे सारखे कापायला घेतले होते. जुने समोर ठेवून दाखवले तेव्हा पटलं.

चाकातल्या शूंना ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरच्या रबरी किटला मात्र मी स्वतःच फसलो. दुकानात नुसतं "जीपचं किट" म्हणालो, त्यानं दिलं, मी घेतलं. घरी येऊन बघतो तर रबरी कप सिलिंडरमध्ये खुळखुळ्यासारखे. पुढच्या चाकाचा सिलिंडर एक इंची, मागचा पाऊण इंची. पुढच्या चाकांवर ब्रेकचा भार जास्त म्हणून त्यांना मोठा. मला पाऊण इंची मिळालं होतं. दुकानदाराची चूक म्हणता येत नाही, मीच माप सांगितलं नव्हतं. नशीब एवढंच की सिलिंडर आतून गुळगुळीत निघाला, गंजाचे खड्डे नव्हते. खड्डे असते तर नवे कपही थोड्याच दिवसांत गळले असते.

नवे लायनर म्हणजे आता नुसते कॅम फिरवून भागत नव्हतं. शूच्या खालच्या टोकाला, जिथे तो पिनेवर टेकतो, ती पिनही कॅमसारखीच आडमध्याची असते. एरवी तिला हात लावायचा नाही, पण लायनर नवा चढवला की लावावाच लागतो. ड्रमला एक फट ठेवलेली असते, तिच्यातून फिलर गेजची, म्हणजे फट मोजायची, पातळ पाती आत घालायची. शूच्या खालच्या टोकाशी पाच थाऊ, वरच्या टोकाशी आठ थाऊ. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग; पाच थाऊ म्हणजे एका मिलिमीटरचा आठवा हिस्सा. खालची पिन फिरवली की वरचं अंतर बदलतं, वरचा कॅम फिरवला की खालचं. भांडखोर जावांमध्ये समेट घडवणाऱ्या सासूसारखं मी त्या दोन टोकांच्या मध्ये दुपारभर बसलो. काका पत्त्यांचा डाव खेळून आले, बघितलं आणि म्हणाले, "अजून तिथंच?" चार शू, आठ टोकं.

मग हवा काढणं. लाइन उघडली होती, तेव्हा हवा शिरलेलीच होती. सर्वांत लांबच्या चाकापासून सुरू करायचं. पुस्तकात ते मागचं उजवं लिहिलंय, पण पुस्तक अमेरिकेचं, तिथे स्टिअरिंग डावीकडे आणि मास्टर सिलिंडरही डावीकडे. आपला उजवीकडे, म्हणून आपलं लांबचं चाक मागचं डावं. मग मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं.

ह्याला दोन माणसं लागतात, एक नायपलशी, एक पेडलवर. पेडलवर बायको. मी गाडीखालून ओरडायचं, "दाब!" ती दाबणार, मी नायपल उघडणार, नळीतून बाटलीत बुडबुडे येणार, मी नायपल बंद करणार, आणि मग "सोड!" पहिल्या तीन फेऱ्या झक्क झाल्या. चौथ्या फेरीला नायपल उघडं असताना मी ओरडलो, "सोडू नकोस!" आणि खालून, इंजिनच्या पलीकडून, तिला त्यातलं फक्त "सोड" ऐकू गेलं. तिनं सोडलं. बाटलीतली नळीही नेमकी तेलातून वर निघाली होती. सिलिंडरनं घोटभर हवा आत ओढून घेतली आणि तीन फेऱ्या पाण्यात. त्यानंतर आमचं ठरलं, दाबायला "हां" आणि सोडायला "बस", बाकी एक शब्द बोलायचा नाही. चार चाकं व्हायला बराच वेळ गेला. मध्ये मध्ये टाकीत तेल भरत राहायचं, ती रिकामी झाली तर तिथूनही हवा जाते. आणि बाटलीतलं बाहेर आलेलं तेल परत ओतायचं नाही. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं, आणि मुंबईच्या हवेत शोषायला पाणी भरपूर.

दुसऱ्या दिवशी पहाटे, कन्नमवार नगरच्या आतल्या रस्त्यावर कुत्र्यांशिवाय कोणी नव्हतं तेव्हा, गाडी तीसवर नेली आणि ब्रेक दाबला. पेडल अर्ध्याच्याही वर घट्ट. गाडी सरळ थांबली. स्टिअरिंग मी सवयीनं डावीकडे धरलं होतं, त्यामुळे तोंड थोडं डावीकडे गेलं, तो दोष माझा. दहाबारा वेळा असंच केलं आणि मग उतरून चारही ड्रमवर पाण्याचे शिंतोडे मारले. चारही सारखे कोमट. एखाद्यावर पाणी चर्र करून उडालं असतं तर तो घासतोय, आणि एखादा गार राहिला असता तर तो कामच करत नाही.

पासिंगला साहेबांनी एकदाच पेडल दाबलं. त्यांच्या दृष्टीनं काही घडलं नाही.

नवे लायनर ड्रममध्ये बसेपर्यंत लवकर झिजतात, त्यामुळे काहीशे किलोमीटर झाले की एकदा पुन्हा कॅम बघावे लागतात. परवाच्या रविवारी दगड लावले, घोडी लावली, काका खुर्ची घेऊन आले. मी पाने काढतो तोच बायको म्हणाली, "पान्याचं काम आज माझं. तू वर बस." आणि चटई टाकून गाडीखाली गेली. तिला 'स्स' माझ्याआधी ऐकू आला. प्रत्येक कॅमला फार तर चिमूटभर फिरवावं लागलं. पुढचं डावं चाक झाल्यावर, तिथे आत्ता कुठे मी निर्धास्त व्हायला लागलो होतो, तिनं नायपलही एकदा उघडून बघायचं ठरवलं. वर बसून मला फक्त बोनेट आणि समोरचं गुलमोहराचं झाड दिसत होतं. खालून काहीतरी आवाज आला. मी पाय उचलला.

"सोडू नकोस म्हटलं ना!"